पाण्यावरची रेघ



आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने स्मृतिव्याख्यानासाठी उभे राहिल्यावर संतवाङ्मयावर किंवा नाटकावर बोलावे, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. मी आज बोलणार आहे ते मात्र पोहणाऱ्यांविषयी आणि होड्यांविषयी. एकाच पाण्यात या दोघांनी कसे नांदावे, हा प्रश्न माणसाने निरनिराळ्या काळी कसा सोडवला आणि कोठे तो सुटला नाही, याचा हा अल्पसा इतिहास आहे. या विषयाचे मूळ, ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्या गुरुजींच्याच शिकवणुकीत आहे.

गोवा मुक्त होऊन तीन-चार वर्षे झाली असतील. दर शनिवारी शाळा सुटली की गुरुजी आम्हां मुलांना मांडवीवर पोहायला नेत. तारीच्या धक्क्यापासून शंभरेक पावले वर आमची जागा होती. भरती पूर्ण होऊन पाणी थबकले की आम्ही उतरत असू आणि सुकती लागण्यापूर्वी बाहेर येत असू. मुले वीस असोत की पाच, एक मुलगा काठावरच्या उंच दगडावर उभा राही. त्याने पोहायचे नाही, खेळायचे नाही, गप्पा मारायच्या नाहीत. नदीच्या दोन्ही अंगांना पाहत राहायचे आणि पडाव, बार्ज किंवा लाँच दिसली की हातातली थाळी वाजवायची. थाळी वाजली की सर्वांनी काठ गाठायचा, असा दंडक होता. या मुलाला आम्ही ‘राखण्या’ म्हणत असू. पाळी प्रत्येकाची येई आणि ती कोणालाच नकोशी असे. माझ्या पाळीच्या एका शनिवारी काय घडले ते शेवटी सांगेन.

न टिकणाऱ्या गोष्टीला मराठीत ‘पाण्यावरची रेघ’ म्हणतात. जमिनीची वाटणी करायची तर बांध घालता येतो, कुंपण करता येते, दगड पुरता येतो. पाण्यात यातले काहीच टिकत नाही. तरीही पोहणारा आणि होडी यांच्यामध्ये माणूस रेघा ओढतच आला आहे, आणि त्यांतल्या काही रेघा टिकल्याही आहेत. त्या कशाने टिकल्या, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

१. तरणारे आणि तारणारे

आरंभ भाषेपासून करतो, कारण तेवढीच वाट माझ्या पायाखालची आहे. संस्कृतातील ‘तॄ’ या धातूचा अर्थ पाणी ओलांडणे. या एका धातूचा गोतावळा मराठीत केवढा वाढला आहे पाहा. पाण्यावर राहतो तो तरतो. दुसऱ्याला राखतो तो तारतो. जहाज म्हणजे तारू, होडीवाला म्हणजे तारी, आणि गोव्यात नदी ओलांडण्याच्या जागेला व तेथल्या होडीला आपण ‘तार’ म्हणतो. प्रवासी तो उतारू. पायी ओलांडता येते ती जागा म्हणजे उतार. एवढेच कशाला, ज्याला आपण हात जोडतो ते तीर्थही याच कुळातले. तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ पाण्यात उतरण्याची वा पाणी ओलांडण्याची जागा असा आहे. पावित्र्याचा अर्थ त्यावर पुढे चढला.

सांगायचे ते हे की, भाषेने पोहणारा आणि नावाडी यांना वेगळे मानलेले नाही. जीवनातही ते फारसे वेगळे नव्हते. नदीच्या ज्या पायऱ्यांवर स्नान चाले त्याच पायऱ्यांना होडी लागे. होडीचा वेग पोहणाऱ्याच्या वेगाहून थोडासाच अधिक असे. उभा राहून बांबूने होडी रेटणाऱ्या ताऱ्याला पुढचे पाणी स्वच्छ दिसे आणि तो स्वतः लहानपणापासून त्याच पाण्यात पोहलेला असे. पाण्यात डोके कोठे वर येईल, मूल घाबरले की कोणत्या बाजूला वळते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नसे. आमच्या धक्क्यावरचा वृद्ध तारी आम्हांला सांगत असे, “भुरग्यांनो, होडी पळोवं नाकात, तिची नाळ पळयात.” होडीकडे पाहू नका, तिचे पुढचे टोक कोणीकडे आहे ते पाहा, म्हणजे ती कोठे येणार ते कळेल. पुढे वाचनात आलेल्या नौकानयनाच्या कोणत्याही नियमात याहून शहाणपणाचे काही मला आढळले नाही.

जुने ते सारे सोने होते, असे मला मुळीच सुचवायचे नाही. त्या काळीही माणसे बुडत होती. ओहोटीची ओढ, भोवरे आणि अधिक उतारू भरून कलंडलेली तार यांनी घरे उजाड केली आहेत. परंतु पोहणाऱ्याला होडीचे भय वाटावे, ही गोष्ट तेव्हा कोणाच्या मनात नसे. ते भय यंत्राबरोबर आले.

२. यंत्र आले

मांडवीवर इंजिनाची लाँच आली तिला लोकांनी ‘गॅसोलीन’ हे नाव दिले. ज्या तेलावर ती चाले त्याचेच पोर्तुगीज नाव तिला चिकटले. १९५०च्या दशकात लोहखनिजाची निर्यात वाढली आणि नदीचे रूप पालटले. आतल्या भागातल्या खाणींचा माल काठावरच्या धक्क्यांवर येई, तेथून बार्जेसनी मुरगावला जाई आणि तेथे मोठ्या जहाजांत चढे. पावसाळ्यात आग्वादजवळचे मांडवीचे मुख वाळूमुळे आणि लाटांमुळे धोक्याचे होते. तेव्हा बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत आणि मुरगाव गाठत. म्हणजे वर्षाचा कोणताही काळ नदीला विसाव्याचा राहिला नाही.

बार्ज काही फार वेगाने जात नाही. तिचे भय वेगळे आहे. ती भरलेली असली म्हणजे चटकन वळत नाही आणि चटकन थांबत नाही. तिचे सुकाणू मागच्या अंगाला असते, त्यामुळे चालवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी तिचाच लांबलचक पाटा येतो आणि नाळेच्या लगतचे पाणी त्याला दिसत नाही. जो पोहणारा बार्जेच्या अगदी पुढे सापडला तो चालकाच्या लेखी नाहीच.

वेगवान यांत्रिक होडीचे गणित याहून कठीण आहे. पोहणाऱ्या माणसाचे पाण्यावर दिसते ते केवळ डोके; ते नारळाएवढे असते आणि लहानशी लाटही ते झाकून टाकते. साधारण पोहणारे मूल सेकंदाला अर्धा मीटर जाते. ताशी ४० किलोमीटर वेगाची होडी सेकंदाला ११ मीटर येते. तिच्या वाटेतून दहा मीटर बाजूला व्हायला मुलाला २० सेकंद लागतात, तेवढ्यात होडी २२० मीटर आलेली असते. याचा अर्थ असा की, होडी २२० मीटरांवर असतानाच मुलाने तिला ओळखले पाहिजे, किंवा तेवढ्या अंतरावरून चालकाला तो नारळ दिसला पाहिजे. त्यातही वेग घेताना होडीची नाळ वर उचलते आणि समोरचे पाणी झाकते.

इंजिनाचा आवाज ऐकून मूल सावध होईल, असे कोणी म्हणेल. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १,५०० मीटर. आवाज कोणीकडून आला हे आपण दोन कानांवर तो किती मागेपुढे पडला यावरून ओळखतो. पाण्याखाली हे अंतर इतके सूक्ष्म होते की आवाज चारी बाजूंनी आल्यासारखा वाटतो. पाण्यात तोंड घालून पोहणाऱ्याला होडी आहे हे कळते, ती कोठे आहे हे कळत नाही. होडीखालचा पंखा काय करतो याचे वर्णन या सभेत करण्याची आवश्यकता नाही.

हा प्रश्न एकट्या मांडवीचा नव्हे. जेथे जेथे यंत्र पाण्यात उतरले तेथे तेथे तो उपस्थित झाला. जगाने त्यावर जे तोडगे काढले त्यांचे तीन प्रकार मला दिसतात. कोठे पोहणाऱ्याला सोबत दिली, कोठे वेळ वाटून दिली आणि कोठे जागा आखून दिली. तिन्हींकडे क्रमाने पाहू.

३. सोबत

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील खाडी डोव्हरजवळ सर्वांत अरुंद, म्हणजे सुमारे ३३ किलोमीटर आहे. २४ ऑगस्ट १८७५ रोजी मॅथ्यू वेब याने डोव्हरच्या धक्क्यावरून पाण्यात उडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी २१ तास ४५ मिनिटांनी तो फ्रान्सच्या किनाऱ्याला लागला. भरती-ओहोटीने त्याला इकडेतिकडे नेल्यामुळे प्रत्यक्षात त्याने सुमारे दुप्पट अंतर कापले होते. वेब हा व्यापारी जहाजावरचा कप्तान होता. भर अटलांटिकात जहाजावरून पडलेल्या खलाशाला वाचवण्यासाठी त्याने उडी घेतली होती, त्याबद्दल त्याला पदकही मिळाले होते. नाविक आणि पोहणारा ही दोन्ही माणसे वेबच्या एकाच अंगात होती. त्याच्या बरोबर होड्या होत्या, पण त्या त्याला खाणेपिणे देण्यासाठी आणि वाट दाखवण्यासाठी. टपालाची आगबोट जवळून गेली तेव्हा तिच्यावरच्या लोकांनी गाऊन आणि ओरडून त्याला धीर दिला, असे सांगतात. आगबोट आणि पोहणारा यांची ती भेट सलोख्याची होती.

पुढच्या शंभर वर्षांत ती खाडी जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक झाली. १९६७ मध्ये तेथे जाणाऱ्या आणि येणाऱ्या जहाजांसाठी दोन वेगळे पट्टे आखण्यात आले, पण ते पाळणे ऐच्छिक होते. १९७१च्या जानेवारी-फेब्रुवारीत टक्करीने एक तेलवाहू जहाज फुटले आणि त्याच्या बुडालेल्या अवशेषांवर आणखी दोन जहाजे आपटून बुडाली; तेव्हा कोठे जगाचे डोळे उघडले. १९७२चे आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियम १९७७ मध्ये अमलात आले आणि पट्टे बंधनकारक झाले. आज दिवसाला चारशेहून अधिक व्यापारी जहाजे त्या सामुद्रधुनीतून जातात, आणि पोहणारेही तेथे पोहतातच.

हे कसे साधले? ते आंतरराष्ट्रीय नियम जहाजांसाठी आहेत; पोहणाऱ्याचे त्यांत नावही नाही. नियमांच्या भाषेत तो समुद्रावर अस्तित्वातच नसतो. म्हणून त्याला एक बोट सोबत दिली जाते. ही सोबतीची बोट नियमांच्या दृष्टीने ‘जहाज’ असते. तिला दिवे असतात, बिनतारी यंत्र असते, ती किनाऱ्यावरच्या तटरक्षकांशी बोलते आणि येणाऱ्या जहाजांना आपण कोठे आहोत ते कळवते. पोहणाऱ्याने तिला स्पर्श करायचा नाही. केला तर त्याचे पोहणे रद्द होते. परंतु ती नसेल तर त्याने पाण्यात उतरायचेच नाही, आणि तिच्या तांडेलाने पुरे म्हटले की पुरे.

या सोबतीवर सारे किती अवलंबून असते, हे आरती साहांच्या अनुभवावरून कळते. ऑगस्ट १९५९ मधील त्यांच्या पहिल्या प्रयत्नाच्या वेळी सोबतीची बोट उशिरा आली, अनुकूल वेळ निघून गेली, आणि पुढे प्रवाह उलटल्यावर बोटवाल्याच्या आग्रहावरून त्यांना पोहणे सोडावे लागले. त्या खचल्या नाहीत. २९ सप्टेंबर १९५९ रोजी १६ तास २० मिनिटे पोहून त्यांनी खाडी ओलांडली. तो मान मिळवणाऱ्या त्या आशियातील पहिल्या महिला. त्यांच्या आदल्या वर्षी, २७ सप्टेंबर १९५८ रोजी, मिहिर सेन यांनी तीच खाडी ओलांडली होती. याच मिहिर सेनांनी एप्रिल १९६६ मध्ये श्रीलंका आणि भारत यांच्यामधील पाल्कची सामुद्रधुनी २५ तास ३६ मिनिटांत पार केली, तेव्हा भारतीय नौदलाच्या ‘सुकन्या’ आणि ‘शारदा’ या नौका त्यांच्या सोबतीला होत्या. एका उघड्या माणसामागे देशाचे नौदल उभे राहिले, हे चित्र माझ्या पिढीच्या मुलांनी वर्तमानपत्रांत पाहिले आणि त्यानंतर आमच्या शनिवारच्या वर्गाला गर्दी वाढली.

आपल्या मराठी मुलखातही ही परंपरा आहे. मुंबई बंदरात धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३६ किलोमीटरांचे पोहणे अनेक मुलामुलींनी पूर्ण केले आहे. बहुधा रात्री, ओहोटीच्या बेताने धरमतरहून निघतात आणि बार्जेस, मासेमारीच्या होड्या व प्रवासी लाँचेस यांच्यामधून वाट काढीत गेटवेला येतात. सोबतीच्या होडीवरचा कोळी तांडेल वाटेत ज्या हाका देतो आणि घेतो, त्यांच्या आधारानेच ते मूल पैलतीराला लागते.

सोबतीचा तोडगा सर्वांत खात्रीचा आहे. पण तो एकेकट्या पराक्रमी माणसाचा आहे. रोज संध्याकाळी नदीत डुंबणाऱ्या वीस मुलांना स्वतंत्र बोट कोण देणार?

४. वेळ

दुसरा तोडगा वेळ वाटून घेण्याचा. युरोप आणि आशिया यांच्यामधील दार्दानेल्सची सामुद्रधुनी कवी बायरनने ३ मे १८१० रोजी पोहून ओलांडली, ती आपल्या प्रियेसाठी रोज रात्री तेथे पोहणाऱ्या लिअँडरच्या प्राचीन कथेची प्रचीती पाहण्यासाठी. आज तेथून प्रचंड जहाजे जातात. परंतु दरवर्षी ३० ऑगस्टला काही तास ती थांबवली जातात आणि शेकडो माणसे एका खंडातून दुसऱ्या खंडात पोहत जातात. इस्तंबूलच्या बॉस्फरसमध्येही १९८९ पासून अशी साडेसहा किलोमीटरांची शर्यत भरते आणि तेवढा वेळ जहाजांना मार्ग बंद असतो. ज्या पाण्यासाठी साम्राज्ये लढली ते पाणी वर्षातून एकदा उघड्या अंगाच्या माणसांच्या हाती सोपवले जाते, ही मला मोठी सुसंस्कृत गोष्ट वाटते.

आपल्याला ही कल्पना परकी नाही. नारळी पौर्णिमेपूर्वी समुद्रात होडी लोटायची नाही, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना दंडक वेळेचीच वाटणी आहे. ती वाटणी समुद्र आणि माणूस यांच्यातली. भरती थबकली की पोहायचे आणि सुकती लागण्यापूर्वी बाहेर यायचे, हा गुरुजींचा नियमही वेळेचाच होता. पूर्ण भरतीच्या वेळी तारीला धक्क्यावर चढ-उतार सोपी पडे, ती काठालगत राही आणि आमच्या जागेकडे फिरकत नसे. हा योगायोग नव्हे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. गुरुजींनी ताऱ्याशी बोलून ती वेळ ठरवली होती.

५. जागा

तिसरा आणि सर्वांत प्रचलित तोडगा जागा आखण्याचा. फ्रान्समध्ये किनाऱ्यापासून ३०० मीटरांच्या पट्ट्यात होडीचा वेग पाच नॉट्सच्या, म्हणजे ताशी सुमारे नऊ किलोमीटरांच्या पुढे जाता कामा नये, असा नियम आहे; हद्द दाखवण्यासाठी पिवळे बोये टाकलेले असतात आणि त्याच्या आत केवळ पोहणाऱ्यांसाठी राखलेल्या जागा वेगळ्या असतात. आपल्या गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची व्यवस्था आहे. लाल-पिवळ्या दोन बावट्यांच्या मधले पाणी पोहण्याचे. लाल बावटा असेल तेथे उतरायचे नाही. या व्यवस्थेने पुष्कळ जीव वाचले आहेत, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. मात्र वाळूवरचा बावटा पोहणाऱ्याशी बोलतो. समुद्राकडून वेगाने येणाऱ्या स्कूटरच्या चालकाला तो दिसेलच असे नाही. त्याच्यासाठी रेघ पाण्यातच हवी, बोयांची हवी आणि त्या बोयांचा अर्थ त्याला शिकवलेला हवा.

पाण्यावर रेघ मागण्याचा आपल्या गोव्याचा एक स्वतंत्र इतिहास आहे. १९७०च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन मासळी खरवडून नेऊ लागले, रापणकारांची जाळी फाटू लागली, आणि ते रस्त्यावर आले. माथानी साल्ढाणा यांच्यासारख्या, पेशाने शिक्षक असलेल्या नेत्याने ती चळवळ उभी केली. तिचे फळ म्हणजे १९८०चा सागरी मासेमारी नियमन कायदा. किनाऱ्यालगतचे पाच किलोमीटरपर्यंतचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याचे तत्त्व त्यामुळे मान्य झाले. हा लढा पोहणाऱ्यांचा नव्हता, हे मला ठाऊक आहे. तरी त्याचा गाभा तोच आहे: एकाच पाण्यात दुबळा आणि बलवान असे दोघे आले तर दुबळ्यासाठी काठालगतचे पाणी राखले पाहिजे. रापणकारांना तो कायदा मिळाल्यावरही रेघ ओलांडली जात असल्याची तक्रार पुन्हा पुन्हा करावी लागली. कागदावर ओढलेली रेघ पाण्यावर आपोआप उमटत नाही, याचा याहून जवळचा दाखला मला देता येणार नाही.

६. रेघ राखतो कोण?

आता आपल्या नदीकडे परत येतो. १९७० मध्ये मांडवीवर पूल झाला आणि पणजी-बेतीची तार ओस पडू लागली. ५ जुलै १९८६ रोजी तो पूल कोसळला आणि नवा पूल होईपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, साऱ्या लोकांचा भार पुन्हा फेरीबोटींवर आला. त्या सहा वर्षांत नदीवर एवढी वर्दळ वाढली की आपल्या गावातील आईबापांनी मुलांना पाण्यावर जायची बंदी केली. त्यांना दोष देता येत नाही. मीही माझ्या मुलांना जाऊ दिले नाही.

पुढे २०१२ मध्ये खाणकाम थांबले आणि बार्जेस काठाला उभ्या राहिल्या. ज्या नदीत पन्नास वर्षे दिवसरात्र इंजिनांची घरघर होती ती एकाएकी मुकी झाली. मला वाटले होते, आता मुले परत येतील. त्या वर्षी दिवाळीनंतर मी कितीतरी संध्याकाळी त्या जुन्या दगडावर जाऊन बसलो. पाणी मोकळे होते, भरती वेळेवर येत होती. एकही मूल आले नाही.

याचे कारण मला हळूहळू उमगले. बंदी उठल्यावर परत यायला कोणीतरी आधी जाणारा लागतो. मधल्या काळात पोहायला शिकवणारे गेले, ज्यांनी शिकायचे त्यांची वये उलटली, आणि नदीकाठी जन्मलेली, पण नदीला पाय न लावलेली पिढी मोठी झाली. आज तीच मुले यांत्रिक होडीचे सुकाणू धरतात. पाण्यात असताना होडी कशी दिसते हे ज्याने कधी पाहिले नाही, त्याला होडीवरून पाणी पाहताना नारळाएवढे डोके शोधण्याची बुद्धी कोठून व्हावी? जुना तारी सावध होता तो नियमांमुळे नव्हे. तो स्वतः कधीतरी ते डोके झालेला होता.

म्हणून माझे म्हणणे असे की, पोहणाऱ्यांना पाण्यातून काढून घेणे हा सुरक्षिततेचा उपाय वाटतो खरा, पण त्याने होडी चालवणारेही आंधळे होतात. १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांमध्ये पाचवा नियम असा आहे की, प्रत्येक नौकेने सर्व काळ डोळ्यांनी आणि कानांनी योग्य ती टेहळणी ठेवली पाहिजे. गुरुजींनी हा नियम वाचलेला असणे शक्य नाही. आमचा वर्ग चालू होता तेव्हा तो अशा शब्दांत लिहिलाही गेला नव्हता. पण त्यांच्या थाळीचा अर्थ तोच होता. सोबत असो, वेळ असो की जागा, तिन्हींच्या मुळाशी कोणीतरी पाहत राहणे आहे. डोव्हरला तटरक्षक पाहतो, धरमतरला तांडेल पाहतो, आपल्या किनाऱ्यावर जीवरक्षक पाहतो. जेथे पाहणारा जातो तेथे रेघ पुसली जाते.

संस्थेपुढे माझी विनंती लहान आहे. शाळेने पोहण्याचा वर्ग पुन्हा सुरू करावा. आधी तलावात, मग जाणत्यांच्या देखरेखीखाली नदीत. आपल्या जुन्या जागेभोवती संबंधित खात्यांची परवानगी घेऊन बोये टाकावेत. मुलांना रंगीत टोप्या द्याव्यात, म्हणजे नारळाचे निदान नारिंग होईल आणि लांबून दिसेल. फेरीबोटीच्या चालकांना आणि गावातल्या होडीवाल्यांना वर्षातून एकदा शाळेत बोलवावे, मुलांना त्यांच्या होडीत बसवून सुकाणूपासून पाणी कसे दिसते ते दाखवावे. आणि काठावर एक राखण्या अवश्य उभा करावा.

आता त्या शनिवारची गोष्ट. माझी पाळी होती. धक्क्यावर कोणाच्या तरी लग्नाचे वऱ्हाड उतरत होते, वाजंत्री वाजत होती, आणि मी तिकडे पाहत राहिलो. वरच्या अंगाने एक लाँच आली ती मला दिसली नाही. थाळी वाजली नाही. लाँच मुलांच्या दहा-बारा हातांवरून गेली. तिच्या लाटेने दोघे उलटेपालटे झाले आणि एकाच्या नाकातोंडात पाणी गेले. गुरुजींनी धोतरासकट उडी टाकून त्याला बाहेर काढले. कोणाला इजा झाली नाही. मी थाळी हातात धरून रडत होतो. गुरुजी मला काही बोलले नाहीत. सर्वांना कपडे घालायला लावून त्यांनी घरी पाठवले.

पुढच्या शनिवारी पाळी दुसऱ्या मुलाची होती. गुरुजींनी त्याला पाण्यात पाठवले आणि थाळी माझ्या हातात दिली. म्हणाले, “आज तूच उभा राहा. तुझ्याइतके नीट आज कोणी पाहणार नाही.”

त्या दिवशी मी नदीवरून क्षणभरही डोळे काढले नाहीत. आज इतक्या वर्षांनी या व्यासपीठावरून मी जे बोललो ती त्याच थाळीची वाजणी समजावी.